ख्रिस्त उठला नसता, तर?

आजचं वाचन : १ करिंथ १५:१-२० आणि १५:५८



परवा ऑफिसखाली चहा घेताना माझ्या एका मैत्रिणीनं मला एक प्रश्न विचारला. ती ख्रिस्ती नाही, पण तिनं डोंगरावरचं प्रवचन वाचलंय आणि तिला ते मनापासून आवडतं. ती म्हणाली, "अगं, शत्रूवर प्रेम करा, क्षमा करा, उद्याची काळजी करू नका, हे सगळं मला पटतं. पण येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, एवढा भाग बाजूला ठेवला तर काय बिघडलं? शिकवण तर तीच राहते ना?"

मी "मीटिंग आहे गं" म्हणून सटकले. खरं सांगायचं तर मीटिंग अर्ध्या तासानं होती.

सटकले कारण हा प्रश्न माझ्यासाठी नवा नव्हता. तीन वर्षांपूर्वी मी स्वतःच तो विचारला होता, तोही चहाच्या टपरीवर नाही, कबरस्तानात. फेब्रुवारीत पप्पा गेले. पेटी खाली उतरवली, पाळकांनी आजचाच अध्याय वाचला, आणि एकेकानं पुढं येऊन मूठभर माती टाकली. माझी पाळी आली तेव्हा पेटीवर माती पडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो आवाज कितीतरी दिवस डोक्यातून जाईना. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये शिकलेली सगळी वचनं एका बाजूला आणि तो आवाज एका बाजूला.

पुढं पुनरुत्थानदिनाच्या पहाटेच्या उपासनेला आईबरोबर गेले. "ख्रिस्त उठला आहे," असं पाळकांनी म्हटलं की आपण सगळ्यांनी मोठ्यानं उत्तर द्यायचं असतं. आईनं दिलं. शेजारच्या आजींनी दिलं. माझ्या तोंडातून शब्दच फुटला नाही. मनात एकच होतं : हे खरं आहे का? आणि खरं नसेल, तर मी इथं पहाटे पाच वाजता काय करतेय?

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी आज त्याच जागी उभं असेल, तर आजचं मनन खास तुमच्यासाठी आहे.

पौल पळवाट ठेवत नाही

मला वाटायचं, असा प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास. पण हा प्रश्न पवित्र शास्त्रातच आहे, आणि तो विचारणारा प्रेषित पौल आहे!

करिंथ हे ग्रीक शहर. बंदर, व्यापार, पैसा, वादविवाद, नवनव्या विचारांची गर्दी. आपल्या पुण्याहून फार वेगळं नसावं. तिथल्या सुशिक्षित लोकांना आत्मा अमर असतो हे मान्य होतं. पण मेलेलं शरीर उठणार? ही गोष्ट त्यांना हास्यास्पद वाटायची. अथेन्समध्ये पौल पुनरुत्थानाविषयी बोलू लागला तेव्हा काहींनी त्याची थट्टाच केली (प्रेषितांची कृत्ये १७:३२). तोच विचार करिंथच्या मंडळीत शिरला होता. काही जण म्हणू लागले, की मेलेल्यांचं पुनरुत्थान वगैरे काही नसतं.

पौल त्यांना काय म्हणतो? "असू द्या, शिकवण महत्त्वाची" असं म्हणत नाही. तो हिशेब मांडतो. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश पोकळ, तुमचा विश्वास पोकळ. आम्ही देवाविषयी खोटी साक्ष देणारे ठरलो. तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात. जे ख्रिस्तात मरण पावले ते कायमचे गेले. आणि आपली आशा फक्त या आयुष्यापुरती असेल, तर आपल्याइतके कीव करण्यासारखे दुसरे कोणी नाहीत (वचन १४ ते १९).

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. पौल असं म्हणत नाही, की "खरं नसलं तरी निदान चांगलं आयुष्य जगलो." तो म्हणतो, खरं नसेल तर आमची कीव करा. माझ्या मैत्रिणीनं जो भाग बाजूला ठेवायला सुचवला, त्याच भागावर पौल सगळी इमारत उभी करतो. पाया काढून घेतला आणि वरचे मजले तसेच राहिले, असं होत नाही.

तो म्हणतो, जाऊन विचारा

मग हे खरं कशावरून? पौल इथं "डोळे मिटून विश्वास ठेवा" म्हणत नाही. तो नावं देतो (वचन ५ ते ८). केफा म्हणजे पेत्र. मग बारा जण. मग ५०० हून अधिक बंधू, एकाच वेळी. आणि त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत, असंही सांगतो. मग याकोब. मग सगळे प्रेषित. शेवटी स्वतः पौल.

हे पत्र साधारण इ. स. ५५ च्या सुमारास लिहिलं गेलं, म्हणजे वधस्तंभानंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी. आज कुणी आपल्याला पंचवीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या मोठ्या घटनेबद्दल काही सांगितलं, तर आपण घरातल्या मोठ्यांना विचारून खात्री करू शकतो ना? तसंच ते होतं. "अजून जिवंत आहेत" याचा अर्थच असा, की शंका असेल तर जाऊन विचारा.

त्या यादीतल्या याकोबाकडे जरा पाहा. हा येशूचा भाऊ. येशू लोकांत फिरत होता तेव्हा त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता (योहान ७:५). घरातल्या माणसाला पटवणं किती कठीण असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण हाच याकोब पुढं यरुशलेमच्या मंडळीचा खांब झाला. मधे काय घडलं? पौल एका छोट्या वाक्यात सांगतो : प्रभू त्याला दिसला.

आणखी एक गोष्ट. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर पहिल्यांदा पाहणाऱ्या स्त्रिया आहेत. त्या काळी यहुदी समाजात स्त्रीच्या साक्षीला पुरुषाच्या साक्षीइतकं वजन नव्हतं. शिष्यांनाही त्यांचं बोलणं आधी वायफळ वाटलं (लूक २४:११). कुणी गोष्ट रचून सांगायला बसला असता, तर त्यानं पहिला साक्षीदार म्हणून मग्दालीया मरीयेला उभं केलं नसतं. तिला उभं केलं, कारण तिथं तीच होती.

शुक्रवार झाला, पण पोचपावती?

आता आपल्या रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण घेऊ. भाजीवाल्या मावशींना आपण मोबाईलवरून पैसे पाठवतो. आपल्या स्क्रीनवर गोल फिरत राहतं. मावशी पिशवी हातात धरून थांबतात. आपण म्हणतो, "मावशी, पाठवले हो!" त्या म्हणतात, "थांबा ताई, अजून बोललं नाही." मग तो छोटा डबा बोलतो, इतके रुपये मिळाले. मावशी हसून पिशवी देतात.

उत्तम शुक्रवारी आपल्या पापांची किंमत चुकती झाली, असं आपण म्हणतो. पण ती देवानं स्वीकारली हे कशावरून? वधस्तंभावर तर त्या काळी कितीतरी लोक मेले. पौल रोमकरांस ४:२५ मध्ये सांगतो, की येशू आपल्या अपराधांमुळे धरून दिला गेला आणि आपण नीतिमान ठरावं म्हणून उठवला गेला. तिसऱ्या दिवसाची पहाट ही ती पोचपावती आहे. म्हणूनच पौल म्हणतो, की तो उठला नसेल तर तुम्ही अजून पापांतच आहात.

उदाहरण अपुरं आहे, मला माहीत आहे. देव काही दुकानदार नाही. पण रात्री झोपताना "देवानं मला खरंच क्षमा केली असेल का?" ही शंका ज्यांना छळते, त्यांनी आपल्या भावनांकडे पाहू नये, रिकाम्या कबरेकडे पाहावं. आपल्या भावना रोज बदलतात. ती कबर मात्र रिकामीच आहे.

आत्मा अमर, मग शरीर कशाला?

पप्पा गेल्यावर भेटायला येणाऱ्या अनेकांनी म्हटलं, "आत्मा अमर असतो, ताई." त्यांचं प्रेम होतं त्यात. पण मला त्यानं समाधान मिळेना, आणि का मिळेना हे बऱ्याच दिवसांनी कळलं. मला पप्पांचा 'आत्मा' असा वेगळा कधी भेटलाच नव्हता. मला माहीत होते ते त्यांचे खरखरीत हात, चष्मा कपाळावर चढवून बोलायची सवय, जिन्यावरचं त्यांचं पाऊल.

ख्रिस्ती आशा ही नुसती आत्मा उरण्याची आशा नाही. उठलेल्या येशूनं शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला (लूक २४:४२-४३). थोमाला हातांवरचे व्रण दाखवले (योहान २०:२७). व्रण पुसले गेले नाहीत, पण त्यांतून आता रक्त येत नव्हतं. आणि हे लाजरासारखंही नाही. लाजर उठला, पण त्याला पुढं पुन्हा मरावं लागलं. ख्रिस्त पुन्हा कधीच न मरण्यासाठी उठला, आणि पौल त्याला 'प्रथमफळ' म्हणतो (वचन २०). शेतात पहिली कणसं हाती आली की उरलेलं पीक त्याच जातीचं येणार, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

देवाला शरीर टाकाऊ वाटत नाही. म्हणून भुकेल्याला भाकरी देणं, आजाऱ्याची जखम धुणं, हे 'आध्यात्मिक' कामापेक्षा हलकं काम नाही.

केडगावच्या वाटेवर

हे सगळं नुसतं पुस्तकी वाटू नये म्हणून एका बाईंची आठवण करते. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोकलनं तुम्ही गेला असाल, तर वाटेत केडगाव स्टेशन लागतं. तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी उभं केलं.

रमाबाईंचं नाव आपण शाळेत समाजसुधारक म्हणून वाचतो. पण त्यांच्या आयुष्यात मरण किती वेळा आलं, हे मी पप्पा गेल्यानंतरच नीट पाहिलं. जन्म १८५८ चा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. आईला न्यायला पुरेसे खांदेकरी मिळेनात. रमाबाईंनी स्वतः तिरडी उचलली, आणि उंची कमी असल्यामुळे खांद्याऐवजी डोक्यावर घेतली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्यानं गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्याच वर्षी त्या तान्ह्या मनोरमाला घेऊन पुण्यात आल्या.

१८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढं आपल्या साक्षीत त्यांनी एक गोष्ट फार प्रामाणिकपणे लिहिली. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, अशा अर्थाचं ते आहे. तो सापडायला आणखी काही वर्षं गेली.

मित्रांनो, माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. शिकवण रमाबाईंकडे आधीपासून होती. अभ्यास होता, विद्वत्ता तर होतीच. पण शिकवण आपल्याला हाक मारत नाही, आपल्याबरोबर रडत नाही. मेलेल्या गुरूचे शब्द आपण पाठ करू शकतो. त्याच्याशी बोलू शकत नाही. येशू उठला असेल, तरच आज त्याच्याशी बोलता येतं.

आणि मग त्या बाईंनी काय केलं, पाहा. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि १८९० मध्ये ते पुण्यात आणलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावात जवळपास दोन हजार जणी होत्या. त्यांना जेवण, औषध, शिक्षण, विणकाम, शेती, छपाई. अंध मुलींना ब्रेल लिपी. ज्या शरीरांना जगानं ओझं ठरवलं होतं, त्यांची काळजी. ज्या बाईंना स्वतःच्या आईची तिरडी डोक्यावर घ्यावी लागली, त्यांनीच ही शरीरं उचलून घेतली.

सगळ्यात जास्त मला हलवतात ते त्यांचे शेवटचे महिने. मनोरमा मोठी झाली, शिकली, आईच्या कामात उजवा हात झाली. रमाबाईंनंतर तीच सगळं पाहील, असं सगळे धरून होते. २४ जुलै १९२१ ला मनोरमा मिरजेत वारली. वय ४० वर्षं. आईचं वय ६३, प्रकृती खालावलेली, त्यात कानांनी ऐकू येत नव्हतं. आता काम कशासाठी करायचं, असं त्यांनी म्हटलं असतं तर कोण दोष देणार होतं?

पण त्यांच्या टेबलावर एक काम होतं. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून त्या संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. खेड्यातल्या साध्या बाईलाही कळावं असं. ते काम त्यांनी सोडलं नाही. ते पूर्ण केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूत निजल्या. त्या वर्षीचा पुनरुत्थानदिन अकरा दिवसांवर होता. मुक्तीतल्या बायकांनी आपल्याच छापखान्यात ते बायबल छापलं. ते पूर्ण बाहेर आलेलं पाहायला रमाबाई नव्हत्या.

व्यर्थ नाही

आता आजच्या वाचनातलं शेवटचं वचन घ्या, १५:५८. एवढा मोठा अध्याय. कबर, कर्णा, मरणाची नांगी, नवं शरीर. आपल्याला वाटतं, शेवटी पौल म्हणेल, "म्हणून आता स्वर्गाची वाट पाहत बसा." तो म्हणतो उलटंच. म्हणून खंबीर राहा, प्रभूच्या कामात भर घालत राहा, कारण त्याच्यात केलेले तुमचे श्रम फुकट जात नाहीत.

हे वचन वाचताना मला पप्पांचा संडे स्कूलचा वर्ग आठवला. वीस वर्षं ते तो घेत होते. पावसात कधी सहा मुलं, कधी चार. हातानं लिहिलेले प्रश्न, रंगीत खडू, गोळ्यांची बरणी. ते गेल्यावर कपाटात त्या वह्या सापडल्या तेव्हा मी रागानं म्हटलं होतं, "काय उपयोग झाला याचा?" ख्रिस्त उठला नसेल, तर माझा तो राग बरोबर होता. खरंच काही उपयोग नाही. सहा मुलं, वीस वर्षं, आणि शेवटी पेटीवर पडलेली माती.

पण तो उठला असेल तर त्या वह्यांतलं एकही पान वाया गेलेलं नाही.

मी असं म्हणणार नाही, की हे कळल्यावर माझं दुःख संपलं. लाजराला आपण आता उठवणार आहोत हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेपाशी रडला (योहान ११:३५). पौलही 'रडू नका' असं म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखे रडू नका, एवढंच म्हणतो (१ थेस्सल. ४:१३). आजही जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की मी क्षणभर थांबते. तो मातीचा आवाजही गेलेला नाही. पण तो शेवटचा आवाज नाही, हे आता मला कळतं.

गेल्या वर्षीपासून तो वर्ग मी घेते. सध्या सात मुलं आहेत. बरणी तीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून मैत्रिणीला चहाला बोलावलं. म्हटलं, "तू विचारलंस ना, काय बिघडलं? तो उठला नसेल तर माझ्याकडे चांगली वाक्यं उरतात, आणि माझे पप्पा कायमचे जातात. तो उठला असेल, तर तो आत्ता आहे." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पप्पांबद्दल तू कधी सांगितलंच नाहीस." आम्ही दुसरा चहा मागवला.

आज विचार करू या

१. माझा विश्वास येशूच्या शिकवणीवर आहे, की जिवंत येशूवर? आज दिवसभरात मी त्याच्याशी काय बोलले किंवा बोललो?

२. "याचा काही उपयोग नाही" असं म्हणून मी प्रभूचं कोणतं काम सोडून दिलं आहे?

३. माझ्या ओळखीत नुकतंच कुणाच्या घरी मरण आलं आहे का? या आठवड्यात मी त्यांच्याकडे जाऊन नुसतं बसू शकेन का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू मेलास आणि तू जिवंत आहेस. आमच्या कबरांपाशी आम्ही उभे राहतो तेव्हा आमच्याजवळ राहा. ज्यांच्या तोंडातून आज उत्तर फुटत नाही, त्यांच्यावर रागावू नकोस. थोमाला भेटलास तसा त्यांनाही भेट. आमच्या हातांना काम दे, आणि ते काम तुझ्यात व्यर्थ जात नाही हा भरवसा दे. तुझ्या नावात मागतो. आमेन.

प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो. उद्या आपण योहान २० मध्ये मग्दालीया मरीयेबरोबर बागेत जाऊ.